नावाचा रकाना

फॉर्मवर वय: अंदाजे चार.
जात: गावठी. रंग: तांबूस, शेपटीचं टोक पांढरं.
डाव्या कानाला खाच,
म्हणजे नसबंदी झाल्याची पोचपावती.
नाव:
तिथे हुतोक्षीनं पेनानं आडवी रेघ मारली. म्हणाली,
तुम्हीच ठेवा. आमच्याकडे सगळेच 'चल बेटा'.

परळहून विक्रोळीपर्यंत टॅक्सीत
तो सीटवर चढला नाही.
खाली, माझ्या पायांपाशी,
कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा पडून.
मी मीटरकडे बघत होते, तो माझ्याकडे.

पहिले अकरा दिवस कपड्यांच्या स्टँडखाली.
अन्नाला तोंड लावायचा ते आम्ही दिवे मालवल्यावर.
सकाळी वाटी लख्ख
आणि माझ्या डाव्या चपलेत अर्धा पाव.
उद्याची सोय.
विद्याधर म्हणाला, तुझ्यापेक्षा याची बचत बरी.
मी पाव हलवला नाही.
एका चपलेवर बँक गाठता येत नाही
म्हणून माळ्यावरचे जुने सँडल काढले.

झाडूला घाबरला नाही. फटाक्यांनाही नाही.
घाबरायचा हेल्मेटला.
जेवणाची पार्सलं घेऊन पोरं दारात आली
की हा मोरीत, बादलीच्या मागे,
अंग एवढंसं करून.
आता कन्नमवार नगरात आमच्या इमारतीत
तिसऱ्या मजल्यावर येणारा प्रत्येकजण
जिन्यातच हेल्मेट काढून काखेत धरतो.
कुत्र्यांविरुद्ध नोटीस लावणारे तेंडोलकरसुद्धा.
का, ते कुणी विचारत नाही.

नावं पुष्कळ लावून पाहिली.
मोती, वाघ्या, खंडू, माझ्या आजोळची सगळी.
बँकेत दुसऱ्याच्या टोकनचा नंबर पुकारला
की आपण जसं ऐकतो, तसं ऐकलं त्यानं.
शेवटी तांबूवर थांबलो. येऊ लागला.
नावाला नाही बहुतेक, आवाजाला.

मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी
मासळीबाजारामागच्या गल्लीत
वरच्या खिडकीतून एक बाई पोरावर ओरडली,
ए बाब्या!
माझ्या हातातली दोरी ताठ.
खाच असलेला कान, नसलेला कान, दोन्ही पुढे.
आधी शेपटी हलली, तो नंतर.
वर पाहिलं त्यानं.
ती बाई ती नव्हती.
खिडकी लागली. पोरगं धावत जिन्यात शिरलं.
मासळीच्या पाण्यावरून तो निघाला
नेहमीच्याच चालीनं.
मागे रेंगाळत होते ती मी.

म्हणजे होतं कुणीतरी.
कुणीतरी बाब्या म्हणून याला पाव मोडून दिला होता.
हेल्मेटच्या आधीही काही होतं,
किंवा पाव देणारा हात आणि हेल्मेट
एकाच माणसाचे.
हे परळच्या कागदात नाही.

एकदाच, रात्री, विद्याधर झोपल्यावर,
मी हळू म्हणून पाहिलं.
बाब्या.
शेपटीनं दोनदा फरशी वाजवली.
मग उठला,
आणि माझ्याकडे नाही,
दारापाशी जाऊन बसला.
दूधवाला येईपर्यंत बसूनच होता.

त्यानंतर नाही म्हटलं.
चुकून आपल्या पत्त्यावर आलेलं दुसऱ्याचं पत्र
फोडू नये, फेकूही नये.
आहे ते माझ्याकडे.

फॉर्मची प्रत कपाटात, रेशनकार्डाखाली.
त्या रेघेवर मी तांबू लिहिलंय,
पेन्सिलीनं.

आज माझ्या चपलेत पाव नव्हता.
बरं वाटायला हवं होतं.
मी दोन्ही चपला उगाच झटकून पाहिल्या,
स्टँडखाली वाकून पाहिलं, मोरीत पाहिलं.
तेवढ्यात दारातून
एका पायावर उभा राहून विद्याधर ओरडला,
अगं, माझ्या बुटात!